आडवाटेवर मोटार अडते तेव्हां

पूर्वीं प्रवासास निघणाऱ्या माणसाच्या हातावर दहीं घालण्याची चाल आपल्याकडे होती. पुष्कळ घरांतून ती आजहि आहे. वाटेंत अडचणी यावयाच्याच, असें धरून चालून घरच्या वडील माणसांनीं केलेली ती एक प्रार्थनाच असे. आतां दारांत मोटार आली, सडका डांबरी झाल्या, खिशांतला फोन वळण न् वळण सांगूं लागला. आणि त्याबरोबर अडचण येईल ही कल्पनाहि आमच्या मनांतून गेली. दहीं राहिलें, पण त्याच्यामागची सावधगिरी तेवढी गळाली. ती गळाली म्हणजे काय होतें, ह्याचा एक अनुभव आमच्या कुटुंबानें उन्हाळ्याच्या एका सुटींत घेतला. तो जसाच्या तसा वाचकांपुढें ठेवावा व त्यांतून आम्हांस जें शिकतां आलें तेंहि सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. मी यंत्रशास्त्राचा जाणकार नाहीं. पुढें जी माहिती येईल ती कोणाहि गृहस्थास वा गृहिणीस समजेल व वेळेवर उपयोगी पडेल, एवढीच आहे.

बेत आणि तयारी

आमचें कुटुंब पुण्याचें व एकत्र. दादा, वहिनी, मी, आमच्या सौभाग्यवती, सत्त्याहत्तर वर्षांची आई आणि दोन्ही घरचीं मिळून तीन मुलें. म्हणजे आठ माणसें, आणि आठच माणसांची, दहा वर्षें वापरलेली डिझेलची मोटार. मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठीं तंबू ठोकून दोन रात्रीं राहावें, असा बेत मुलांनीं काढला. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वींच्या त्या दिवसांत तेथील हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजव्यांचे थवे बसतात. तें पाहण्यास हल्लीं शहरांतून पुष्कळ लोक जातात. आईस काजव्यांपेक्षां रतनवाडीच्या अमृतेश्वराची ओढ अधिक. तें हेमाडपंती शिवालय तिनें लग्नापूर्वीं एकदांच पाहिलें होतें.

भंडारदरा हें अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत ऐन सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. प्रवरा नदीवरील तेथील धरणाचें काम १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. एका अंगास महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, सुमारें ५,४०० फुटांचें. दुसऱ्या अंगास रतनगड. आणि पश्चिमेस कोंकणांत सरळ तुटलेले कडे. जलाशयास वळसा घालून एक रस्ता जातो. शेंडीहून मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, आणि तेथून उडदावणे-पांजरे करून पुन्हां शेंडी. रस्ता रमणीय आहे ह्यांत संशय नाहीं. परंतु बऱ्याच ठिकाणीं फोनला जाळें मिळत नाहीं, आणि मोटारीचा कारागीर पाहिजे असल्यास राजूरची वाट धरावी लागते.

निघतांना दादानें इंजिनांतलें तेल पाहिलें, चाकांतली हवा पाहिली. चार चाकांची पाहिली, पांचव्याची पाहिली नाहीं. काचा पुसल्या, तंबू टपावर बांधला. इंजिन गार ठेवणारें जें हिरवें पाणी, ज्यास सर्वजण कूलंट म्हणतात, त्याच्या बाटलीकडे कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं. फराळाचे डबे मात्र तीन वेळां मोजले गेले.

कांटा

पहिली रात्र शेंडीजवळ सुखानें गेली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं अमृतेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही साम्रदच्या बाजूस निघालों. ऊन रणरणत होतें. गाडींत आठ माणसें, टपावर सामान, रस्ता चढाचा व खांचखळग्यांचा, आणि आंत गार हवेचें यंत्र चालू. पुढच्या आसनावर दादाशेजारीं त्याची धाकटी मुलगी, इयत्ता नववींतली, बसली होती.

ती म्हणाली, "बाबा, हा कांटा वर गेला आहे."

दादा म्हणाला, "चढ आहे. चढाला जातोच."

थोड्या वेळानें ती पुन्हां म्हणाली, "बाबा, कांटा तांबड्या रेघेपाशीं आला."

ह्यावर दादा कांहीं बोलण्यापूर्वीं मागून मीच म्हणालों, "अग, त्याला गाडी चालवूं दे."

हें माझें वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवीत आहें. तीस वर्षें गाडी चालविणाऱ्या वडील माणसास चौदा वर्षांच्या मुलीनें काय सांगावें, हा भाव त्यांत होता, आणि तो आमच्यासारख्या घरांतून इतका मुरलेला असतो कीं तो बोलून गेल्याचें बोलणाराच्या ध्यानींहि येत नाहीं. मुलगी गप्प बसली. पुढचे दोन किलोमीटर तिनें कांहीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीं तिला कांहीं विचारलें नाहीं. मग बॉनेटच्या फटींतून वाफेचा लोट उठला, गाडींत एक गोडसर वास पसरला, आणि दादानें घाईघाईनें गाडी कडेला घेतली.

झांकण

दादा उतरला. त्यानें बॉनेट उघडलें, हातास पंचा गुंडाळला आणि रेडिएटरच्या झांकणाकडे हात नेला. "आंत पाणी किती राहिलें तें पाहिलें पाहिजे," तो म्हणाला.

वहिनी आईस खालीं उतरवीत होत्या. त्यांनीं तेथूनच हांक मारली, "अहो, हात लावूं नका! कुकरची वाफ जिरल्याशिवाय झांकण उघडतां येतें का?"

"हा कुकर नव्हे," दादा म्हणाला.

"शिटी नाहीं म्हणून काय झालें? आंत पाणी उकळतें आहे आणि वर झांकण घट्ट बसलें आहे. मला तर दोहोंत फरक दिसत नाहीं."

दादाचा हात थांबला. त्या दिवशींचें आमचें सर्वांत मोठें भाग्य हें कीं तो थांबला.

वहिनींचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. उघड्या भांड्यांतलें पाणी १०० अंशांवर उकळतें. कुकरमध्यें वाफ कोंडून दाब वाढविला म्हणजे तेंच पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें व तरीहि पाणीच राहतें. डाळ लौकर शिजते ती ह्यामुळें. रेडिएटरचें झांकणहि हेंच काम करतें. इंजिनाची उष्णता वाहून नेणारें पाणी लौकर उकळूं नये म्हणून तें झांकण आंतील दाब राखून धरतें. तें तापलेलें असतां उघडलें कीं दाब एकदम उतरतो, आणि इतका वेळ पाणी म्हणून राहिलेल्या द्रवाची तत्क्षणीं वाफ होऊन सगळा ऐवज उघडणाराच्या तोंडावर उसळतो. हातास गुंडाळलेला पंचा डोळे वांचवीत नाहीं. इंजिन बंद करून निदान पाऊण तास वाट पाहावी, वरची जाड रबरी नळी हातास सोसवेल इतकी निवाली आहे अशी खात्री करावी, आणि मगच झांकण फडक्यानें धरून हळू हळू फिरवावें. ह्या कामीं उतावळेपणासारखा शत्रु नाहीं.

तो पाऊण तास आम्हीं रिकामा घालविला नाहीं. मागच्या वळणाच्या अलीकडे, येणाऱ्या गाडीस आधींच दिसेल असा, तांबडा त्रिकोण ठेवला. चाकाखालीं दगड लावला. आईस एका आंब्याच्या सावलींत सतरंजीवर बसविलें. मुलांस रस्त्यावरून हलवून डोंगराच्या बाजूस नेलें. अडलेल्या गाडींतलीं माणसें दरीच्या काठावर अथवा गाडीच्या मागें उभीं राहतात, तें धोक्याचें असतें.

गाडी निवाल्यावर दादाचा मोठा मुलगा वांकून नळ्या चांचपूं लागला व त्यास दुखणें सांपडलें. रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीस, जेथें पत्र्याचें कडें आवळलेलें असतें तेथेंच, बोटभर चीर गेली होती. चीर टोकापाशीं होती हें आमचें दैव. पेचकसानें कडें सैल केलें, नळी ओढून काढली, चिरलेलें टोक वहिनींच्या भाजीच्या सुरीनें सरळ कापून टाकलें, आणि उरलेली नळी पुन्हां चढवून कडें आवळलें. चीर मधोमध असती तर नळी कोरडी पुसून तिजवर रबरी चिकटपट्टी ताणून गुंडाळावी लागली असती, आणि तो उपाय थोड्याच अंतरापुरता असतो.

पाणी

नळी जुळली, पण रेडिएटरांत पाणी नव्हतें. पांच-सहा लिटर तरी हवें. आमच्या डब्यांत प्यावयाचें पाणी दहा लिटरांच्या आंतच राहिलें होतें. समोर संध्याकाळ व रात्र, आणि माणसें आठ. दादा म्हणाला, "हेंच ओतूं व निघूं." मी म्हणालों, "जवळ वस्ती दिसते, तेथून आणतों." मी, दादाचा मुलगा व ती धाकटी असे तिघे रिकामे डबे घेऊन निघालों.

वस्ती पांच-सहा घरांची होती. पहिल्याच घरापाशीं एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन येत असलेली भेटली. मीं आमची अडचण सांगितली. तिनें हंडे ओट्यावर उतरविले, पदरानें कपाळ पुसलें, आणि कांहीं न विचारतां म्हणाली, "घ्या."

मीं डब्याचें बूच उघडलेंहि होतें. तेवढ्यांत धाकटीनें विचारलें, "मावशी, विहीर किती लांब आहे?"

बाई म्हणाली, "त्या टेकाडापलीकडं. आज तिसरी खेप."

खालीं दरींत जलाशयाचें पाणी उन्हांत चमकत होतें. तेथून तें आम्हां सर्वांस दिसत होतें. शंभर वर्षांपूर्वीं बांधलेल्या त्या धरणाचें पाणी प्रवरेवाटे व कालव्यांवाटे खालच्या सपाटीवरील शेतांस जातें. वरच्या डोंगरवस्तींतील बायांस मात्र ऐन उन्हाळ्यांत घागर-घागर पाणी डोक्यावरून आणावें लागतें. पुण्यास नळ सोडून गाडी धुणाऱ्या माझ्यासारख्या माणसास ही गोष्ट वर्तमानपत्रांतून ठाऊक होती. ओट्यावर ठेवलेल्या हंड्यापाशीं उभें राहून ती ठाऊक होणें निराळें.

धाकटी मला हळूच म्हणाली, "काका, हें पाणी घ्यायचें नाहीं. गाडीला तळ्याचें चालेल. आपण खालीं जाऊं."

ह्या वेळीं मीं तिचें ऐकलें. त्या बाईचा मुलगा वाट दाखविण्यास आमच्याबरोबर आला. जलाशय अर्ध्या कोसावर असेल. उतरणें सोपें होतें, भरलेले डबे घेऊन चढणें कठीण होतें. जाऊन येऊन दीड तास मोडला. परत आल्यावर त्या मुलास पैसे दिले ते त्यानें घेतले, आणि घ्यावयासच हवे होते. ते त्याच्या श्रमाचे होते. त्याच्या आईनें मात्र पळसाच्या पानांत भरून करवंदें दिलीं, त्यांचें मोल कोणी विचारलें नाहीं.

रेडिएटरास प्यावयाचेंच पाणी लागतें असें नाहीं. अडचणीच्या वेळीं ओढ्याचें अथवा तळ्याचें पाणी फडक्यानें गाळून ओतलें तरी काम भागतें. घरीं परतल्यावर मात्र तें सर्व काढून, आंतील नळ्या धुवून, योग्य तें कूलंट भरून घ्यावें. साध्या पाण्यानें आंतील धातूस गंज चढतो. दुसरी गोष्ट, इंजिन तापलेलें असतां गार पाणी ओतूं नये. तापल्या कांचेवर गार पाणी पडलें म्हणजे ती तडकते. लोखंडाची व अल्युमिनियमची गति कांहीं फार निराळी नसते.

रात्र

पाणी भरून झालें तोंपर्यंत दिवस मावळत आला होता. गाडी चालू झाली, नळी गळेना. दादाचें म्हणणें पडलें कीं शेंडी वीस-पंचवीस किलोमीटर, सावकाश गेलें तरी दोन तासांत पोहोंचूं. तो हें बोलत असतां सर्वजण आईकडे पाहत होतों. आईस मधुमेह आहे. संध्याकाळचें इन्शुलिन व त्यानंतरचें जेवण ह्यांची वेळ तिला चुकवितां येत नाहीं. सौभाग्यवतींनीं तिचें औषध थर्मासमध्यें व तिच्यापुरती भाजी-भाकरी निराळ्या पिशवींत, टपावर न टाकतां, आपल्या पायांपाशीं ठेवली होती. दुपारीं घरच्या कोणासहि ती व्यवस्था महत्त्वाची वाटली नव्हती.

आई म्हणाली, "दादा, नळी तूं कापून बसविलीस. ती टिकेल कीं नाहीं हें तुला ठाऊक आहे का?"

दादा म्हणाला, "नाहीं."

"मग जें ठाऊक नाहीं तें अंधारांत कशाला पाहायचें? घर तर आपल्या डोक्यावर आहे." आणि तिनें टपावरच्या तंबूकडे बोट केलें.

तंबू घेऊन निघालेल्या कुटुंबास ही एक मोठी सोय असते, आणि आश्चर्य हें कीं घाबरल्यावर तीच प्रथम विसरते. हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. तेव्हां वाटेल तेथें मुक्काम करणें बरें नव्हे. आम्हीं त्या बाईच्या अंगणांत तंबू लावण्याची परवानगी मागितली व ती मिळाली. चूल पेटविली नाहीं, डब्यांतलें खाल्लें. आईचें औषध व जेवण वेळेवर झालें. काजवेहि त्या रात्रीं दिसले. त्यांचें वर्णन इतरांनीं पुष्कळ केलें आहे, तेव्हां येथें तें करीत नाहीं.

पहाटे इंजिन थंड असतांना पाणी पुन्हां पाहिलें, थोडें भरलें, आणि ऊन चढण्याच्या आंत निघालों. गार हवेचें यंत्र बंद, खिडक्या उघड्या, व दर पांच किलोमीटरांवर थांबून तपासणी. धाकटी पुन्हां पुढें बसली होती. गाडी सुरू करतांना दादा तिला म्हणाला, "कांट्याकडे तूं बघ. वर गेला कीं सांग. मी थांबेन." एवढेंच तो म्हणाला. राजूरच्या कारागिरानें जुनी नळी दोन बोटांनीं दाबून दाखविली; रबर वाळक्या सालीसारखें तडकत होतें. "ही केव्हांच बदलायला पाहिजे होती," तो म्हणाला. नव्या नळीची किंमत आम्हां आठ जणांच्या एका वेळच्या चहाफराळाहून अधिक नव्हती.

निघण्यापूर्वीं

परत आल्यावर आम्हीं घरांत बसून एक टिपण केलें. तें सर्वांच्या उपयोगाचें आहे असें वाटल्यावरून त्यांतील मुख्य गोष्टी येथें देतों.

निघण्याच्या आदल्या दिवशीं, इंजिन थंड असतांना, तेल व कूलंट पाहावें. रबरी नळ्या व पट्टे दाबून, वांकवून पाहावे. चिरा दिसल्यास अथवा रबर कडक लागल्यास ते बदलावे. पांचव्या चाकाची हवा अवश्य पाहावी, आणि जॅक व पाना गाडींत आहेत एवढ्यावर न थांबतां घरच्या अंगणांतच एकदां चाक काढून बसवून पाहावें. नट इतके आवळलेले असतात कीं पुष्कळ गृहस्थांस ते सुटतच नाहींत, आणि हें रानांत कळून उपयोग नाहीं.

सामानांत पेचकस, पक्कड, पाने, सुरी, चिकटपट्टी, बारीक तार, बॅटरी जोडण्याच्या जाड तारा, चाकांत हवा भरण्याचें लहान यंत्र, विजेरी आणि दहा लिटर जादा पाणी असावें. हें सर्व टपावर अथवा सर्वांत खालीं ठेवूं नये. औषधें, एक वेळचें जेवण व प्यावयाचें पाणी ज्याच्या त्याच्या हातापाशीं असावें.

घरीं राहणाऱ्या एका जबाबदार माणसाजवळ आपला मार्ग, मुक्कामाचें ठिकाण व परतीची वेळ लिहून ठेवावी. अमुक वेळेपर्यंत निरोप न आल्यास कोणास कळवावयाचें तेंहि ठरवावें. नकाशा फोनमध्यें आधींच उतरवून घ्यावा व मुख्य गांवांचीं नांवें कागदावर लिहावीं.

वाटेंत

कांटा वर जाऊं लागला कीं गार हवेचें यंत्र बंद करावें, खिडक्या उघडून ऊन हवेचा झोत पूर्ण सोडावा. माणसांस घाम येतो, पण इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेनें बाहेर पडते. तेवढ्यानेंहि कांटा न उतरल्यास सुरक्षित जागा पाहून थांबावें. आणि वाफ दिसली तर एक पाऊलहि पुढें जाऊं नये. तापलेलें इंजिन दामटलें म्हणजे शें-पांचशें रुपयांचें काम हजारोंवर जातें.

चाक बदलतांना गाडी सपाट व टणक जागीं घ्यावी, सर्वांस खालीं उतरवावें, समोरासमोरच्या चाकांस दगड लावावे. गाडी उचलण्यापूर्वींच नट थोडे सैल करावे, व बसवितांना ते एकाआड एक, समोरासमोरचे असे आवळावे. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींहि हात अथवा डोकें घालूं नये. काम झालें कीं चाकाखालचा दगड रस्त्यांतून काढावा. मागून येणाऱ्याचा अपघात आपण मांडून ठेवूं नये.

तंबूपाशीं रात्रभर गाडीचे दिवे अथवा गाणीं चालू ठेवल्यानें सकाळीं बॅटरी मेलेली आढळते. हातानें गिअर बदलावयाच्या गाड्या बहुधा ढकलून चालू करतां येतात. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांस तो उपाय लागू नाहीं, म्हणून त्यांच्या मालकांनीं जोडतारा अवश्य बाळगाव्या.

घाट उतरतांना गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवावी. चढतांना जो गिअर लागतो तोच उतरतांना, हा जुन्या चालकांचा नियम आजहि खरा आहे. सारखा ब्रेक दाबून उतरल्यास ब्रेक तापून त्यांची पकड जाते. जळका वास आल्यास थांबून ते आपोआप निवूं द्यावे. त्यांवर पाणी ओतूं नये.

मोटार निर्जन जागीं अडल्यास तिला सोडून सर्वांनीं पायीं निघूं नये. गाडी दुरून दिसते, सावली देते, सामान राखते. मदतीस जावयाचें झाल्यास दोन धडधाकट माणसांनीं, पाणी घेऊन व परतण्याची वेळ ठरवून जावें. तांतडीचा क्रमांक ११२ देशभर चालतो, आणि आपल्या कंपनीचें जाळें नसलें तरी दुसऱ्या कंपनीचें असल्यास तो लागूं शकतो; म्हणून एकदां प्रयत्न करून पाहावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा क्रमांक आहे. आडवाटेवर मात्र पहिली मदत जवळच्या वस्तीचीच असते.

रात्र गाडींतच काढण्याचा प्रसंग आल्यास इंजिन चालू ठेवून, कांचा लावून झोपूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाहीं व रंग नाहीं; झोपलेल्या माणसास तो जागें होऊं देत नाहीं.

घरचा नियम

एवढें सर्व टिपण झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "ह्यांत एक राहिलें." त्यांनीं सांगितलेलें कलम आम्हीं सर्वांत वर लिहिलें. तें असें: गाडींतील कोणाहि माणसास, मग तें लहान असो वा मोठें, धोक्याचें चिन्ह दिसल्यास त्यानें मोठ्यानें सांगावें, आणि चालकानें प्रथम थांबावें, वाद मागाहून करावा.

एकत्र कुटुंबांत वडिलांच्या शब्दास मान असतो व तो असावा. त्यावरच घर उभें राहतें. परंतु मान वयास द्यावयाचा असतो, आणि कांटा ज्यास दिसतो त्याचें ऐकावयाचें असतें. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहींत, हें आम्हांस साम्रदच्या वाटेवर कळलें. चौदा वर्षांच्या मुलीस कांटा दिसला, वहिनींस झांकणाखालची वाफ दिसली, सौभाग्यवतींस संध्याकाळची वेळ दिसली, आणि आईस टपावरचें घर दिसलें. आम्हां दोघां भावांस त्या दिवशीं फक्त रस्ता दिसत होता.

पुढच्या वेळीं निघतांना आई सर्वांच्या हातावर पुन्हां दहीं घालील. तें आम्ही घेऊंच. त्यापूर्वीं आदल्या संध्याकाळीं धाकटी हातांत तें टिपण घेऊन गाडीभोंवतीं फिरेल, एकेक कलम वाचील, आणि दादा तिच्यामागून बॉनेट उघडीत जाईल, असें आमच्या घरीं ठरलें आहे. त्या वस्तीवर जावयाचेंहि ठरलें आहे. मात्र ह्या खेपेस पाण्याचे डबे भरून न्यावयाचे, आणि ते गाडीसाठीं नव्हेत.